सी. डी. देशमुख: राष्ट्रपतिपदाच्या शर्यतीत तिसरे आलेले मराठी उमेदवार, ज्यांच्यामुळे मतं पुन्हा मोजावी लागली

हिंगोली जिल्ह्यात विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत. वसमत, कळमनुरी आणि हिंगोली. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लागते तेव्हा या तिघा आमदारांपैकी प्रत्येकाचं मत एक नसतं, तर १७५ असतं. म्हणजे तीन आमदार मिळून ५२५ मतं.

एका माणसाचं मत १७५ कसं काय? आणि हा आकडा आला कुठून?

हे समजून घ्यायचं असेल तर १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसारखं दुसरं उदाहरण नाही. आतापर्यंतच्या सगळ्या निवडणुकांमध्ये ही एकच अशी आहे, जिथे पहिल्या फेरीत निकाल लागलाच नाही आणि दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. त्या निवडणुकीत तिसऱ्या क्रमांकावर एक मराठी माणूस होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे माजी अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

त्यांची ही गोष्ट.

नाते ते केंब्रिज

१४ जानेवारी १८९६. आजच्या रायगड जिल्ह्यात महाडजवळ नाते नावाचं गाव आहे. तिथे चिंतामणरावांचा जन्म झाला. तेव्हा या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. वडील द्वारकानाथ वकील होते. बालपण कोकणातल्याच लहान गावांमध्ये गेलं आणि पुढचं शिक्षण मुंबईत झालं.

१९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे संस्कृतची ही गोडी आयुष्यभर टिकली. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला आणि स्वतः संस्कृतमध्ये कविताही लिहिल्या.

पण केंब्रिजला गेल्यावर त्यांनी विषय निवडले ते विज्ञानाचे. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये पदवी घेताना वनस्पतिशास्त्रातलं बक्षीसही त्यांनी पटकावलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये झालेल्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले. तेव्हा त्यांचं वय होतं २२.

आयसीएस म्हणजे आजच्या आयएएसच्या आधीची, ब्रिटिश काळातली सनदी सेवा. परीक्षा इंग्लंडमध्ये व्हायची आणि स्पर्धा इंग्रज मुलांशी असायची. त्या काळात कोकणातल्या खेड्यातून आलेल्या मुलाने तिथे पहिलं यावं, ही साधी गोष्ट नव्हती.

पैनगंगेच्या पलीकडे

नोकरीसाठी त्यांना मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळाला. हिंगोलीकरांसाठी हा भाग अगदी शेजारचा. तेव्हा पैनगंगेच्या एका बाजूला इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड होता आणि दुसऱ्या बाजूला निजामाचं हैदराबाद संस्थान. हिंगोली निजामाकडे होती.

देशमुखांनी या प्रांतात जवळपास दोन दशकं काढली. जमीन महसूल, जिल्ह्याचा कारभार आणि नंतर प्रांताचं अर्थखातं अशी कामं त्यांच्याकडे आली. १९३१ मध्ये लंडनला दुसरी गोलमेज परिषद झाली, तेव्हा परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केलं. याच परिषदेला गांधीजी गेले होते आणि डॉ. आंबेडकरही.

नोटेवर मराठी माणसाची सही

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नर झाले. या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय.

त्या काळातल्या नोटा आज जुनी नाणी-नोटा जमवणाऱ्यांकडे बघायला मिळतात. चित्र इंग्लंडच्या राजाचं, सही देशमुखांची.

गंमत म्हणजे, त्यांची सही असलेली ही नोट तेव्हा हिंगोलीच्या बाजारातलं मुख्य चलन नव्हती. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात हा शब्द आजही येतो.

१९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स इथे जगातल्या देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्थांचा पाया तिथे घातला गेला. भारत अजून स्वतंत्र नव्हता, पण भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते.

मग फाळणी झाली. देश दोन झाले, पण मध्यवर्ती बँक एकच होती. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकच पाकिस्तानसाठीही काम करत होती. हा हिशेब वेगळा करण्याचं काम देशमुखांच्या कारकिर्दीत झालं. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

अर्थमंत्री देशमुख

१९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून लोकसभेत निवडून गेले.

पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. आज आपल्या रोजच्या वापरातल्या दोन मोठ्या संस्थाही याच काळातल्या.

पहिली, स्टेट बँक. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेचं रूपांतर स्टेट बँक ऑफ इंडियात झालं. बँक शहरातल्या व्यापाऱ्यांपुरती न राहता लहान गावांपर्यंत जावी, हा त्यामागचा विचार होता. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायचं लक्ष्य ठेवण्यात आलं.

दुसरी, एलआयसी. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने अध्यादेश काढून आयुर्विम्याचा कारभार हातात घेतला. कंपन्यांना सुगावा लागू नये म्हणून सगळी तयारी गुप्त ठेवली होती. आकाशवाणीवरून देशमुखांनी ही घोषणा केली. देशी, परदेशी कंपन्या आणि सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली.

पण ती उभी राहिली तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात नव्हते.

मुंबईसाठी मंत्रिपद सोडलं

१९५६ हे वर्ष मराठी माणसासाठी धगधगतं होतं. भाषेनुसार राज्यं बनत होती, पण मुंबईसह महाराष्ट्र द्यायला केंद्र तयार नव्हतं. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पेटलं. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली.

देशमुख तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते. पंतप्रधानांच्या विश्वासातले होते. गप्प बसले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. पण त्यांचे दोन आक्षेप होते. एक म्हणजे मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णयच चुकीचा आहे. आणि दुसरा, असा मोठा निर्णय मंत्रिमंडळाशी नीट चर्चा न करता जाहीर झाला. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, अशीही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. ज्या पंतप्रधानांनी त्यांना मंत्री केलं, जे १९५३ मध्ये त्यांच्या आणि दुर्गाबाईंच्या लग्नाचे साक्षीदार होते, त्याच नेहरूंच्या कामाच्या पद्धतीवर त्यांनी भर सभागृहात बोट ठेवलं.

शेवटी मुंबई केंद्रशासित झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा एकत्र करून मोठं द्विभाषिक मुंबई राज्य बनलं. हिंगोली हैदराबाद राज्यातून बाहेर पडून मुंबई राज्यात आली ती याच दिवशी. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र हिंगोली जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला.

राजकारणाबाहेरची वर्षं

राजीनाम्यानंतर देशमुख दुसऱ्या पक्षात गेले नाहीत. ते शिक्षणाकडे वळले.

विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ मध्ये कायद्याचा आधार मिळाला आणि त्याच वर्षी देशमुख त्याचे अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

पत्नी दुर्गाबाई देशमुख स्वतः संविधान सभेच्या सदस्य होत्या. आंध्र महिला सभा त्यांनी स्थापन केली आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष. त्याआधी चिंतामणरावांचं लग्न रोझिना या इंग्रज महिलेशी झालं होतं. १९४९ मध्ये रोझिना यांचं निधन झालं.

म्हणजे १९६९ उजाडलं तेव्हा देशमुख ७३ वर्षांचे होते, कोणत्याही पक्षात नव्हते आणि निवडणुकीच्या राजकारणापासून लांब होते.

आणि मग १९६९ आलं

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काळजीवाहू राष्ट्रपती झाले आणि नवी निवडणूक लागली.

काँग्रेसमध्ये तेव्हा दोन गट पडले होते. एकीकडे पंतप्रधान इंदिरा गांधी, दुसरीकडे सिंडिकेट म्हणून ओळखले जाणारे ज्येष्ठ नेते. जुलैमध्ये बंगळुरूच्या बैठकीत सिंडिकेटने इंदिराजींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांचं नाव पक्षाचा उमेदवार म्हणून ठरवलं.

पुढचे काही दिवस वेगाने घडामोडी झाल्या. १६ जुलैला इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. २० जुलैला गिरींनी पद सोडलं आणि ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. उपराष्ट्रपतीही नाही म्हणून सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांना काळजीवाहू राष्ट्रपती व्हावं लागलं.

रेड्डींच्या अर्जावर इंदिराजींनी स्वतः सही केली होती. तरी मतदान जवळ आलं तेव्हा त्यांनी पक्षाच्या खासदार-आमदारांना सद्सद्विवेकबुद्धीने मत द्यायला सांगितलं. याचा अर्थ सगळ्यांना कळला. गिरींना मत द्या.

या दोघांशिवाय जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने मिळून तिसरा उमेदवार दिला. सी. डी. देशमुख.

यातला विरोधाभास बघा. स्वतंत्र पक्ष हा खासगी उद्योगांचा कैवारी. आणि त्यांचा उमेदवार कोण, तर ज्यांच्या काळात इम्पीरियल बँक आणि अख्खा आयुर्विमा सरकारकडे गेला ते माजी अर्थमंत्री. पण विरोधकांना हवा होता तो कोणीही बोट दाखवू शकणार नाही असा माणूस. देशमुखांचं नाव त्यात बसत होतं.

जनसंघाचं म्हणाल तर त्यांच्या मोठ्या संघटकांपैकी एक हिंगोलीच्या मातीतलेच होते. नानाजी देशमुख. सेनगाव तालुक्यातल्या कडोळी गावचे. त्यांचं कार्यक्षेत्र मात्र उत्तर प्रदेश होतं. दोघांचं आडनाव एक असलं तरी घराणी वेगळी.

मताचं मूल्य कसं ठरतं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही. लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार मतदान करतात. विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही. नामनिर्देशित सदस्यांनाही नाही.

पण सगळ्या आमदारांचं मत सारखं ठेवलं तर अडचण होते. एखाद्या छोट्या राज्यात एक आमदार काही हजार लोकांचा असतो, मोठ्या राज्यात लाखोंचा. म्हणून संविधानाच्या कलम ५५ मध्ये एक गणित दिलं आहे.

• राज्याची लोकसंख्या घ्या.
• तिला निवडून आलेल्या एकूण आमदारांच्या संख्येने भागा.
• आलेल्या उत्तराला १,००० ने भागा.
• बाकी ५०० किंवा त्यापेक्षा जास्त उरली तर एक वाढवा.

१९६९ मध्ये १९६१ ची जनगणना धरली होती. महाराष्ट्राची लोकसंख्या ३,९५,५३,७१८ आणि आमदार २७०. भागाकार येतो सुमारे १,४६,४९५. म्हणजे १४६ आणि बाकी ४९५. अवघ्या काही आकड्यांनी १४७ हुकले. त्यामुळे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या आमदारांसह महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराचं मत १४६ चं होतं.

खासदारांचं गणित वेगळं. देशभरातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचं. यामुळे राज्यं एका बाजूला आणि संसद दुसऱ्या बाजूला, दोन्हींचं वजन जवळपास सारखं राहतं. १९६९ मध्ये एका खासदाराचं मत ५७६ होतं.

अमेरिकेतही राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जात नाही, पण तिथली पद्धत वेगळी आहे. तिथे ५३८ इलेक्टोरल मतं असतात आणि जिंकायला २७० लागतात. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं, त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं अपवाद. आपल्याकडे राज्याची मतं अशी गठ्ठ्याने जात नाहीत. प्रत्येक आमदाराचं मत त्याने दिलं त्यालाच जातं. मतदान गुप्त असतं आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही. १९६९ मध्ये काँग्रेसची मतं फुटली ती याच रचनेत.

पहिली पसंती, दुसरी पसंती म्हणजे काय?

समजा, मित्रांचा ग्रुप जेवायला निघालाय. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, पहिली पसंती कुठलं हॉटेल आणि ते रद्द झालं तर दुसरं कुठलं. निम्म्यापेक्षा जास्त लोकांची पहिली पसंती एकच असेल तर विषय संपला. तसं नसेल तर सगळ्यात कमी पसंतीचं हॉटेल यादीतून काढायचं आणि ज्यांनी ते लिहिलं होतं, त्यांच्या चिठ्ठीवरची दुसरी पसंती बघायची.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत हेच होतं. मतदार उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. पहिला आकडा लिहावाच लागतो, पुढचे ऐच्छिक. जिंकायला एकूण वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. याला कोटा म्हणतात.

२० ऑगस्ट १९६९: मतमोजणीचा दिवस

१६ ऑगस्टला मतदान झालं आणि २० ऑगस्टला मोजणी. रिंगणात १५ उमेदवार होते. वैध मतांचं एकूण मूल्य ८,३६,३३७. कोटा ठरला ४,१८,१६९.

पहिल्या पसंतीचे आकडे असे आले.

• व्ही. व्ही. गिरी: ४,०१,५१५
• नीलम संजीव रेड्डी: ३,१३,५४८
• सी. डी. देशमुख: १,१२,७६९

बाकीच्या उमेदवारांना किरकोळ मतं होती आणि पाच जणांना तर शून्य. या यादीत आणखी एक मराठी नाव होतं. दलित चळवळीतले नेते आणि माजी खासदार पां. ना. राजभोज. त्यांना ८३१ मतं मिळाली.

गिरी पुढे होते, पण कोट्याच्या अलीकडेच थांबले. अजून १६ हजारांहून जास्त मतं हवी होती. स्वतंत्र भारतात पहिल्यांदाच असं झालं की, पहिल्या पसंतीवर राष्ट्रपती ठरला नाही.

मग खालून एकेक उमेदवार बाद करायला सुरुवात झाली. सगळ्यात शेवटी पाळी आली देशमुखांची. ते बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवर दुसरं नाव कोणाचं आहे, यावर देशाचा राष्ट्रपती अवलंबून राहिला.

यामागेही राजकारण झालं होतं. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी आधीच जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलून, दुसरी पसंती रेड्डींना द्या, असा आग्रह धरला होता. याच भेटीगाठींचा दाखला देत इंदिरा गांधींच्या गटाने पक्षनेतृत्वावर हल्ला चढवला होता.

मोजणीत बाद झालेल्या उमेदवारांची बहुतेक मतं खरोखरच रेड्डींकडे गेली. रेड्डींना ९१,८७९ मतांची भर मिळाली. गिरींना फक्त १८,५६२. पण तेवढी पुरली.

• व्ही. व्ही. गिरी: ४,२०,०७७
• नीलम संजीव रेड्डी: ४,०५,४२७

गिरी कोट्याच्या पुढे गेले ते १,९०८ मतांनी. १०,८३३ मूल्याच्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणाचीच पुढची पसंती नव्हती, त्या मोजणीतून गळाल्या.

दोघांमधलं अंतर १४,६५० चं. आकडा मोठा वाटतो. पण एका खासदाराचं मत ५७६ चं होतं हे लक्षात घ्या. गिरींच्या बाजूचे फक्त १३ खासदार रेड्डींकडे गेले असते, तर रेड्डी पुढे निघाले असते. हेच गणित महाराष्ट्राच्या आमदारांमध्ये मोजलं तर ५१ आमदार.

या निकालाने काय बदललं?

बरंच काही. अधिकृत उमेदवार पंतप्रधानांनीच पाडला, हे काँग्रेसच्या जुन्या नेत्यांना सहन होणारं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली.

अर्ज भरणाऱ्यांची गर्दी कमी करण्यासाठी १९७४ मध्ये कायदा बदलला. उमेदवाराला १० सूचक आणि १० अनुमोदक मतदार आणणं बंधनकारक झालं, शिवाय अनामत रक्कम आली. आज ही अट ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५ हजार रुपये अशी आहे.

हरलेले रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. महाराष्ट्राला मात्र पहिला राष्ट्रपती मिळायला २००७ पर्यंत थांबावं लागलं. जळगावच्या प्रतिभाताई पाटील तेव्हा निवडून आल्या. शिवसेना विरोधी आघाडीत होती, तरी तिने मराठी उमेदवार म्हणून त्यांना मत दिलं. १९६९ मध्ये देशमुखांच्या वाट्याला असा पाठिंबा आला नव्हता. तेव्हाची लढाई इंदिरा गांधी विरुद्ध सिंडिकेट अशीच राहिली.

देशमुखांचं पुढे काय झालं?

त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. १९७४ मध्ये त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं, त्याच वर्षी दुर्गाबाईंनाही. पती-पत्नी दोघांना एकाच वर्षी हा सन्मान मिळणं दुर्मीळच.

शेवटची वर्षं हैदराबादमध्ये गेली. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावांचं निधन झालं. वय ८६.

मग आज १७५ हाच आकडा का?

१९७६ मध्ये ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि मताचं मूल्य काढायला १९७१ ची जनगणनाच धरायची, असं ठरलं. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं नुकसान होऊ नये, हा हेतू होता. पुढे २००१ मध्ये ही मुदत वाढवण्यात आली. आता २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत हेच चालणार.

१९७१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. भागिले २८८ आमदार, भागिले १,०००. उत्तर १७५. २०११ ची जनगणना धरली असती तर हाच आकडा ३९० झाला असता.

२०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्या, तेव्हा उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं, सिक्कीमच्या आमदाराचं ७ चं आणि खासदाराचं ७०० चं होतं. त्या हिशेबाने हिंगोली लोकसभा मतदारसंघाचं वजन काढून बघा. सहा आमदारांची १,०५० मतं आणि खासदाराची ७००. एकूण १,७५०.

१९६९ मध्ये गिरी कोट्याच्या पुढे गेले होते १,९०८ मतांनी. म्हणजे जवळपास एका हिंगोलीएवढ्या.

त्यामुळे राष्ट्रपतिपदाची पुढची निवडणूक लागेल तेव्हा बातम्यांमधले लाखांचे आकडे बघून गोंधळून जाऊ नका. त्यातली १७५ मतं तुमच्या आमदाराची असतील. आणि मतपत्रिकेवर दुसऱ्या पसंतीचा रकाना दिसला, तर तो एकदाच कामी आला होता आणि तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर नाते गावचे चिंतामणराव देशमुख होते, एवढं लक्षात ठेवा.